वरच्या मजल्यावर कोण राहतं

होचेवार : न्हाणीघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर. सगळं पाहून झालं, तोंचकाबाई. आता एवढंच सांगा, या वरच्या मजल्यावर राहतं कोण?

तोंचका : कोण म्हणजे काय मॅडम! माझा मुलगा सिल्वो, त्याची बायको रुमेना आणि तिची मुलगी कालिना. मी खाली राहते. तुमच्या कागदावर आहे की सगळं.

होचेवार : कागदावर आहे. न्हाणीघरात नाही. तिघांचं कुटुंब, आणि दात घासायचा एक ब्रश दिसला नाही मला.

तोंचका : सरकारी माणूस घर बघायला येणार आणि बेसिनवर ओले ब्रश उभे? आमच्याकडे तशी पद्धत नाही.

होचेवार : टॉवेल?

तोंचका : आहे ना. तो काय पांढरा, भरतकामाचा.

होचेवार : त्याची दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नाही.

तोंचका : दुकानातली कुठली! माझ्या लग्नातली आहे ती. एकोणपन्नास वर्षं जपली. आता तुमच्यासाठी काढला.

होचेवार : पलंगावरची चादरही लग्नातलीच?

तोंचका : ओळखलंत! इस्त्रीला पाऊण तास लागला तिच्या.

होचेवार : मला एवढंच ओळखता आलं की तिच्यावर कधी कोणी झोपलेलं नाही.

तोंचका : झोपतील कशाला? संध्याकाळी मी ती काढते आणि त्यांची घालते. सकाळी ते कामाला गेले की त्यांची काढते आणि ही घालते.

होचेवार : रोज?

तोंचका : सोमवारपासून. तुम्हीच कळवलंत ना, ‘कायम वास्तव्याच्या अर्जासंबंधी या आठवड्यात केव्हाही घराला भेट देण्यात येईल.’ केव्हाही म्हटल्यावर रोजच तयार राहणं आलं. पावणेसातला सिल्वो रेल्वेच्या वर्कशॉपला जातो, सातला रुमेना इस्पितळात, साडेसातला कालिना शाळेत. आठ ते दहा मी त्यांचं सामान तळघरात नेते आणि दुपारी दोननंतर परत वर आणते. तुम्ही आज गुरुवारी आलात ते एका परीने बरं झालं. काल आला असतात तर मागच्या खिडकीची काच पुसायची राहिली होती.

होचेवार : म्हणजे या घरात तीन माणसं राहतात याचा जो काही पुरावा होता, तो तुम्ही चार दिवस रोज सकाळी तळघरात नेऊन ठेवताय.

तोंचका : पुरावा कसला त्यात! मोजे, कंगवे, शाळेच्या वह्या, सिल्वोचे मासे धरायचे गळ. पाहुण्यासमोर मांडायच्या वस्तू आहेत का या?

होचेवार : घरच्यांना माहीत आहे हे?

तोंचका : सिल्वोच्या लक्षात आजवर काही आलेलं नाही. रुमेना दमून येते, तिला पाठ टेकण्याशी मतलब. कालिनाला मंगळवारी संशय आला. तिची बासरी मी उलट्या तोंडाची ठेवली होती.

होचेवार : दाराशी सपातांचा खण आहे, तोही उघडला मी. सहा जोड. सगळे करडे, सगळे नवे.

तोंचका : पाहुण्यांचे. तुमच्या पायांत आहे तो सातवा. घरच्यांच्या सपाता बघवत नाहीत हो. सिल्वोचा तर अंगठा बाहेर येतो.

होचेवार : तो अंगठा मला दिसायला हवा होता, तोंचकाबाई. मी त्याच्यासाठीच पासष्ट किलोमीटर आले.

तोंचका : मग चला ना खाली. सफरचंदांच्या पेट्यांत नीट लावलंय सगळं. एका पेटीवर सिल्वो, एकीवर रुमेना, दोन कालिनाच्या. तिचंच सामान जास्त.

होचेवार : आणि अहवालात काय लिहू? ‘पत्नी व तिच्या मुलीचे सामान पेट्यांत भरून तळघरात ठेवलेले आढळले.’ हे वाचून माझे साहेब काय म्हणतील, तुम्हीच सांगा.

तोंचका : म्हणतील, घरात बाई व्यवस्थित आहे.

होचेवार : म्हणतील, माणसं एक तर आलीच नाहीत, नाही तर निघालेली आहेत.

तोंचका : मग मी सांगते म्हणून लिहा. इथेच राहतात. सोळा महिने झाले, डोक्यावर धपधप चालतात माझ्या.

होचेवार : तुम्ही अर्जदाराच्या आई. आईच्या सांगण्याला फारसं वजन देत नाहीत. आई मुलाच्या बाजूने बोलणार असं गृहीत धरलेलं असतं.

तोंचका : असं गृहीत धरतात?

होचेवार : नियमच आहे.

तोंचका : बरं. पोतित्सा घ्या थोडी. अक्रोडाची आहे, सकाळीच केली.

होचेवार : तपासणीत कॉफी चालते, खाणं चालत नाही. बसा तुम्ही जरा. एरवी असल्या चकचकीत घराला मी हसून सही केली असती. माझ्या सासूबाई प्लंबर यायचा असला तरी पडदे धुवायच्या. पण तुमच्या या फाइलमध्ये आणखी एक कागद आहे. निनावी.

तोंचका : कॉफी आणखी टाकू?

होचेवार : दोन झाल्या. वाचते, ऐका. ‘महोदय, एक जागरूक नागरिक या नात्याने कळवणे भाग आहे.’ सगळं सुट्या, टपोऱ्या अक्षरांत. जागरूक नागरिकांचं अक्षर एकाच शाळेतलं असतं, पंचवीस वर्षं बघतेय. ‘सदर बाई व तिची मुलगी या घरात राहत नाहीत. लग्न केवळ कागदासाठी केलेले आहे. वरच्या मजल्यावर त्यांची एकही वस्तू लावलेली दिसणार नाही. आपण समक्ष येऊन खात्री करावी.’ मी समक्ष आले. खात्री केली. एकही वस्तू दिसली नाही.

तोंचका : कधीचं आहे ते?

होचेवार : चौदा महिन्यांपूर्वीचं.

तोंचका : आणि आज वाचताय?

होचेवार : आधी आवक नोंद झाली. मग चुकून ते शिकारीच्या परवान्यांकडे गेलं. तिथे पाच महिने होतं. अस्वलाबद्दल त्यात काहीच नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं, मग आमच्याकडे परत पाठवलं.

तोंचका : चौदा महिने! अहो, तेवढ्यात माणूस तोच माणूस राहत नाही. त्या वेळी पोरगी माझ्याकडे बघायचीही नाही. आता माझ्या गोळ्यांची डबी तिच्या ताब्यात असते.

होचेवार : पत्राला ते माहीत नाही. पत्र चौदा महिने एकाच वयाचं आहे.

तोंचका : ते पलीकडच्या मारिचकाचं काम असेल. तिला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावल्याशिवाय करमत नाही.

होचेवार : त्यांचं आडनाव सांगा. उद्या जबाबाला बोलावते.

तोंचका : नको नको. तिला काय कळतंय? परवा माझ्या कोंबड्यांना दोनदा दाणे घालून गेली. राहू दे ती.

होचेवार : मग कोण?

तोंचका : आधी हे सांगा, तुम्ही ‘राहत नाहीत’ असं लिहिलंत तर पुढे काय होतं?

होचेवार : अर्ज फेटाळला जातो. वर्षभर नवा करता येत नाही. रुमेनाकडे इस्पितळाच्या कामाचा परवाना आहे, ऑक्टोबरपर्यंत तिचं भागेल. मुलीकडे स्वतःचं असं काहीच नाही, ती या अर्जाच्या शेपटाला बांधलेली आहे. जूनअखेर शाळा संपली की तिला परत जावं लागेल.

तोंचका : कुठे परत?

होचेवार : मॅसेडोनियाला. बितोलामध्ये आजी आहे असं लिहिलंय इथे.

तोंचका : आजी नाही, पणजी आहे ती. रुमेनाची आजी. एक्याऐंशी वर्षांची. फोनवर कालिनाला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. पोरगी ‘ओ’ देते, काय करणार!

होचेवार : वडील?

तोंचका : जर्मनीत ट्रक चालवतो. तुम्ही मागितलं म्हणून संमतीपत्र धाडलं त्याने. खाली सही, वर कॉफीचा डाग. मुलीला एक ओळ नाही. ती पाकीट उलटं करून झटकत होती, मी बघितलं.

होचेवार : तोंचकाबाई, मला साडेतीनची गाडी गाठायची आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.

तोंचका : माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन वर्षं होतील येत्या सप्टेंबरात. रुमेना त्या वॉर्डात होती. मला उठवायची, न्हाऊ घालायची, चालवायची. माझ्या शिव्या खायची. आणि सिल्वो रोज भेटायला यायचा. तीन आठवडे, एक दिवस चुकला नाही. हातात फुलं. मी वॉर्डभर सांगत सुटले, बघा, मुलगा असावा तर असा. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, पण आईवर माया बघा! चौथ्या आठवड्यात मला घरी सोडलं. हा तरी रोज इस्पितळात जातच राहिला.

होचेवार : फुलं घेऊन.

तोंचका : फुलं घेऊन. चार महिन्यांत लग्न. मला सांगितलं दोघांनी, अगदी रीतसर सांगितलं. विचारलं नाही कोणी. मग ही बारा वर्षांची पोर आली एक सुटकेस घेऊन. दोन-अडीच महिने तिचे कपडे त्या सुटकेसमध्येच होते, तेवढं त्या पत्रातलं खरं आहे.

होचेवार : का होते?

तोंचका : मी तिला कपाट दिलं नव्हतं म्हणून. त्या कपाटात माझे पडदे होते.

होचेवार : बरं.

तोंचका : पोरगी एकदा विचारायला आली खाली. दारात उभी राहून म्हणाली, एक कप्पा पुरेल. मी म्हटलं, बघू. आणि त्याच रात्री बसून… लिहा मॅडम. ते पत्र मी लिहिलं.

होचेवार : थांबा. हे बघा, पेन खाली ठेवलं मी. एकदा लिहिलं की मला खोडता येत नाही. आणि तुमचा जबाब फाइलला लागला की त्याची प्रत अर्जदाराला जाते. सिल्वोला एक, रुमेनाला वेगळी.

तोंचका : एका घरात दोन कशाला?

होचेवार : नवरा-बायकोने एकमेकांची पत्रं लपवली तर, म्हणून. तेव्हा नीट विचार करा. मी खिडकीबाहेर बघते तोवर. काच खरंच छान पुसलीय तुम्ही.

(खाली दाराच्या कुलपात किल्ली फिरते. जिन्यावर धावत पावलं येतात. दप्तर जमिनीवर आपटतं.)

कालिना : आजी! परत? परत माझी खोली नेलीस खाली?

तोंचका : हळू बोल. पाहुण्या आल्यात.

कालिना : नमस्कार. आजी, माझी भूगोलाची वही कुठाय? त्यात नद्यांचा नकाशा सुटा होता, चिकटवलेला नव्हता. सगळ्या नद्या पडल्या असतील.

तोंचका : तिसऱ्या पेटीत. नद्या वेगळ्या पिशवीत घातल्यात मी.

कालिना : आणि माझ्या सपाता?

तोंचका : त्या पाहुण्यांच्या घाल आत्तापुरत्या.

कालिना : मी काय पाहुणी आहे?

तोंचका : अगं, पाच मिनिटं…

कालिना : कोणाच्या घरात असं असतं का? सकाळी उठून माणसं गेली की त्यांचं सगळं गायब! मंगळवारी सकाळी बासरी उलटी दिसली, तेव्हा मला वाटलं आई सामान बांधतेय. शाळा संपेपर्यंत मला काही सुचलं नाही. दोन तास गणित होतं, मला काही कळलं नाही त्यातलं.

तोंचका : मला का नाही विचारलंस?

कालिना : तू ‘बघू’ म्हणतेस. मी आणते वर माझं माझं. तू वाकू नकोस, कालच खुबा दुखतोय म्हणालीस. आणि दुपारची गोळी? घेतली नाहीस ना? डबीत तशीच असणार. आल्यावर बघते मी.

होचेवार : कालिना, एक मिनिट. तुझी खोली कोणती?

कालिना : ती डावीकडची. कपाटाला आतून माझी उंची लिहिलीय पेन्सिलीने. सिल्वोने लिहिली, नव्या वर्षाला आणि ईस्टरला. आजीने ती पुसली नसेल तर.

तोंचका : कपाटाच्या आतून कोण पुसतं?

कालिना : तू पुसतेस.

होचेवार : जा तू, आण तुझं सामान. मी कपाट बघते तेवढ्यात. … आहे. दोन रेघा, दोन तारखा. चार महिन्यांत तीन सेंटिमीटर. ही मुलगी तुम्हाला वर्षभरात उंचीत मागे टाकेल, तोंचकाबाई.

तोंचका : वर्षभर राहिली तर.

होचेवार : ऐका आता. मुलगी स्वतःच्या किल्लीने घरात आली, तिने भांडण काढलं, कपाटात तिची उंची आहे. एवढ्यावर मला ‘सहजीवन दिसून आले’ असं लिहिता येतं. तुमच्या जबाबाशिवायही. पेन अजून खालीच आहे.

तोंचका : आणि पत्र?

होचेवार : पत्र फाइलमध्ये राहील. आम्ही काही फेकत नाही.

तोंचका : म्हणजे ते कधीतरी कोणीतरी पुन्हा वाचणार.

होचेवार : परवान्याचं नूतनीकरण, पुढे नागरिकत्व, मुलगी अठराची झाली की तिचा वेगळा अर्ज. प्रत्येक वेळी फाइल उघडते. मी तेव्हा निवृत्त झालेली असेन. जो कोणी असेल तो पत्र वाचेल आणि एखाद्या दिवशी इथे येईल. घर आवरलेलं असेल की पसरलेलं, ते त्याचं नशीब.

तोंचका : आणि मी नसेन.

होचेवार : तेही शक्य आहे. नाव नसलेल्या पत्राला उत्तर देता येत नाही. ज्याने लिहिलं त्यानेच मागे घेतलं, तर मात्र ते संपलं.

तोंचका : खिडकीबाहेर बघू नका आता. पेन घ्या.

होचेवार : नक्की?

तोंचका : घ्या म्हणतेय ना. मन बदलायच्या आत.

होचेवार : ‘मी, अंतोनिया प्रेलोग, ऊर्फ तोंचका, वय बहात्तर, अर्जदाराची आई, स्वखुशीने सांगते की सोबतचे पत्र माझ्या हातचे आहे. त्यातील मजकूर खोटा आहे. रुमेना व तिची मुलगी लग्नापासून याच घरात राहत आहेत.’ पत्र लिहिण्याचं कारण?

तोंचका : तेही लिहायचं?

होचेवार : रकाना आहे. छापील पर्याय आहेत. ‘गैरसमज’ यावर खूण करू?

तोंचका : गैरसमज नव्हता मॅडम. मला सगळं नीट समजलं होतं, म्हणून तर लिहिलं.

होचेवार : ‘वैयक्तिक वाद’?

तोंचका : वाद व्हायला तिने तोंड उघडायला हवं होतं. ती मला न्हाऊ घालून गेली होती, तिच्याशी काय वाद घालणार! मत्सर लिहा.

होचेवार : मत्सराचा रकाना नाही.

तोंचका : एवढी फाइल तुमची, आणि मत्सराला जागा नाही?

होचेवार : ‘इतर’ आहे.

तोंचका : इतर लिहा.

होचेवार : इथे सही. आणि इथे. कडक कागद आहे, जोर लावा. माझा अहवाल सोमवारी जाईल. मी तो अनुकूल देते. शेवटचा निर्णय साहेबांचा, पण पंचवीस वर्षांत त्यांनी माझं खोडलेलं नाही, वाचायचा कंटाळा येतो त्यांना. वास्तव्याचं कार्ड घ्यायला रुमेना आणि कालिना दोघींनी समक्ष यावं लागेल, बोटांचे ठसे घेतात.

तोंचका : आणि त्या प्रती? दोघांच्या?

होचेवार : त्या रजिस्टर पोस्टाने येतील. दोन आठवड्यांत. पोस्टमन सही घेतल्याशिवाय देत नाही, तेव्हा तुम्ही मध्ये घेऊन ठेवाल असा विचार असेल तर…

तोंचका : तो विचार दोनदा येऊन गेला आत्ता.

होचेवार : या सपाता कुठे ठेवू?

तोंचका : राहू द्या तिथेच. आता कोण आवरतंय! पोतित्सा बांधून दिली तर चालेल का? तपासणी तर संपली.

होचेवार : संपली. द्या.

कालिना : गेली ती बाई?

तोंचका : गेली. सगळ्या पेट्या तूच आणल्यास?

कालिना : तीन आणल्या. सिल्वोची जड आहे, ती तो आणेल. ती बाई अर्जासाठी आली होती ना?

तोंचका : हो.

कालिना : काय म्हणाली? खरं सांग. ‘बघू’ म्हणू नकोस.

तोंचका : राहणार तुम्ही. सोमवारी कागद जातो.

कालिना : नक्की?

तोंचका : नक्की. सही झाली.

कालिना : मग तुझा चेहरा असा का झालाय?

तोंचका : संध्याकाळी तुझ्या आईला एक गोष्ट सांगायचीय मला. सिल्वोलाही.

कालिना : वाईट?

तोंचका : वाईट. माझी आहे, तुझी नाही. तुलाही सांगेन, पण आधी तिला.

कालिना : ती रागावेल?

तोंचका : रागावेल.

कालिना : मग जेवणानंतर सांग. रिकाम्या पोटी ती जास्त रागावते.

तोंचका : नाही. जेवणाआधीच सांगायला हवं. नंतर सांगितलं तर तिला वाटेल, पोटभर खाऊ घालून सांगितलं.

कालिना : मग मी ताटं किती मांडू?

तोंचका : चार मांड. कोण बसतंय ते बघू.